इंदापूर ज्या हाताला ओळखत होतं

माझा उजवा हात पहिल्यांदा आखडला तो कांद्याच्या भावाची एक साधी तार पाठवताना. कुणाच्या मरणाची तार असती तर म्हटलं असतं, मन हललं म्हणून हात अडला. पण कांदा! पन्नास सालानंतरची ती वर्षं. मी बारामतीच्या पोस्टात तारमास्तर होतो. माझ्यापुढच्या टेबलावर पितळेची एक कळ होती. ती दाबली की पलीकडच्या गावातलं यंत्र टक् करायचं. आखूड ठोका, लांब ठोका, एवढ्यावरच सगळा कारभार. त्या दुपारी एका अक्षराचे तीन आखूड ठोके द्यायचे होते. पहिला गेला, दुसरा जातोय न जातोय तोच बोटं मुठीत वळली, मनगट लाकडासारखं ताठ झालं आणि कळ दाबलेलीच राहिली. तीन ठोक्यांच्या जागी एकच लांबलचक ठोका गेला.

पलीकडून लगेच विचारणा आली, "काय राव बारामती, डुलकी लागली का?"

मी हात झटकून मोकळा केला आणि कळवलं, "न्हाय, माशी बसली व्हती." ते पहिलं खोटं.

विचारणारा इंदापूरचा तारमास्तर. तो मला बारामती म्हणायचा, मी त्याला इंदापूर. एकमेकांची नावं आम्ही कधी विचारलीच नाहीत. सहा वर्षं आम्ही रोज बोलत होतो आणि एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. अंतर काही विलायतेचं नव्हे, एसटीनं दोन-अडीच तास. पण खरं सांगू? जावंसं वाटलंच नाही. तारेवर सगळं छान चाललं होतं. समोरासमोर बसून काय बोलायचं, याची मला धास्ती वाटायची.

दुपारी दोन ते चार तारा कमी असायच्या. तेव्हा आम्ही गप्पा मारायचो. अक्षरं इंग्रजी, भाषा आपली. खात्याच्या नियमात ते बसत नव्हतं, पण नियम करणाऱ्या साहेबाला माझ्यासारखं आपलं गाव सोडून, अंथुर्ण्याहून येऊन बारामतीत एकट्यानं खोली करून राहावं लागलं नसावं. माझी बायको लग्नानंतर दीड वर्षात विषमज्वरानं गेली होती. थोरला भाऊ गावी उसाची शेती बघायचा. मी खाणावळीत जेवायचो आणि खोलीवर येऊन भिंतीकडं तोंड करून पडायचो. दिवसातून पन्नास माणसं खिडकीशी येऊन माझ्याशी बोलायची, आणि पन्नासही जणांना तार कधी पोचेल एवढंच हवं असायचं. जेवलास का, असं विचारणारा एकच होता आणि तो तारेच्या दुसऱ्या टोकाला.

तारेवर आवाज नसतो, चेहरा नसतो. माणूस ओळखायचा तो हातावरून. ठोके सगळ्यांचे तेच, पण कुणी आखूड ठोका तोडून टाकतो, कुणी लांब ठोका रेंगाळवतो, कुणी दोन अक्षरांच्या मधे दम घेतो. इंदापूरचा हात नेटका, वाण्यानं पुडी बांधावी तसा. माझा हात म्हणजे, त्याच्या मते, उतारावर सुटलेली बैलगाडी. मी कळीला बोट लावलं की तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला तो म्हणायचा, "आला का माझा गाडीवान!" हे ऐकलं की मला, तिशी ओलांडलेल्या बाप्याला, लाज वाटावी इतका आनंद व्हायचा.

आणि नेमका तोच हात बिघडायला लागला. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज, मग तासातासाला. चमत्कार असा की हाताला दुसरं काहीच झालं नव्हतं. भाकरी मोडायचा, पाण्याची बादली उचलायचा, सुईत दोरा ओवायचा. कळीवर ठेवून माझ्या नेहमीच्या चालीनं ठोके द्यायला गेलं की मात्र मूठ वळायची. थोरला भाऊ बाजाराला आला, पोस्टात डोकावला, तेव्हा त्याला सांगितलं. तो हसायलाच लागला.

"चहाच्या कपाला चालतोय, भाकरीला चालतोय, आन निसता कामाला चालंना व्हय? झ्याक हाय की! चल गावाकडं, खुरपं देतो हातात."

"तुला काय कळतंय त्यातलं, दादा!" मी असा ओरडलो की पोस्टमन वळून बघायला लागला. भाऊ उठला. जाताना वांग्यांची पिशवी तेवढी टेबलाखाली ठेवून गेला. वाईट माणूस नव्हता तो, पण मला त्या दिवशी त्याचा राग आला तो आलाच.

नोकरीची भीती होती, नाही असं नाही. ठरलेल्या वेगानं तारा पाठवता येत नसतील तर तारमास्तर कशाला म्हणायचं? पण नोकरीत मला पुन्हा पोस्टाच्या खिडकीवर बसवलं असतं, शिक्के मारायला लावलं असतं. पोट भरलं असतं. मला भीती होती ती वेगळीच. तो हात गेला की इंदापूरला मी सापडणार नव्हतो. जगात एका माणसाला मी हवा होतो, आणि तो मला फक्त त्या हातावरून ओळखत होता.

बारामतीत एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांच्याकडं विजेची एक लाकडी पेटी होती. लुळं पडलेलं तोंड, खांदा, पाय असं काही घेऊन माणसं त्यांच्याकडं जायची. मी गेलो. त्यांनी मिठाच्या पाण्यात भिजवलेली कापडी गादी माझ्या कोपराखाली ठेवली, दुसरी मनगटाजवळ, आणि पेटीतलं एक नळकांडं हळूहळू आत सरकवायला लागले. ते जितकं आत जाईल तितका करंट जोराचा. पहिल्यांदा काहीच झालं नाही. आणखी सरकवलं, तरी नाही. मग मुंग्या आल्या, आणि पुढच्या बोटभर अंतरात माझं मधलं बोट टुणकन उडालं. मी उडवलं नव्हतं. आपल्याच हातानं आपल्याला न विचारता काही केलेलं बघताना अंगावर काटा आला.

"याच्याहून कमी जोराचा करंट दिवसभर दिला असता तरी या स्नायूनं ऐकलं नसतं," डॉक्टर म्हणाले. "प्रत्येकाचा एक उंबरठा असतो. तो ओलांडला की आकुंचन होतं. आणखी जोर दिला की आणखी तंतू जागे होतात, ओढ वाढते. सगळे जागे झाले की मग कितीही जोर वाढवा, ओढ तेवढीच. फक्त तुमचं ओरडणं वाढेल."

मग त्यांनी दुसरा स्क्रू फिरवला. पेटीत एक चिमुकली हातोडी टकटक करत होती. तिचा वेग या स्क्रूनं बदलायचा. आधी सावकाश. बोट उडायचं, पुरतं खाली यायचं, पुन्हा उडायचं. वेग थोडा वाढवला तसं बोट खाली यायच्या आतच दुसरा धक्का यायचा, आणि ते थरथरत वर वर चढायला लागलं. आणखी वाढवला आणि थरथर एकदम थांबली. मूठ गच्च. मी सोडवायला बघितलं, सुटेना. जोर काडीचाही वाढवला नव्हता त्यांनी, फक्त धक्के दाट केले होते.

"हेच होतंय का तुमचं, मास्तर?"

"अगदी हेच," मी म्हणालो.

त्यांनी हातोडी थांबवली, मूठ उलगडली. मग ते मज्जातंतूंबद्दल सांगायला लागले. कॉलेजात असताना बेडकाच्या मांडीवर त्यांनी हे सगळं केलं होतं आणि आता ऐकणारं कुणीतरी भेटलं होतं. "मेंदूकडून स्नायूकडं जाणारा प्रत्येक निरोप सारख्याच मापाचा असतो बरं का. मोठा निरोप, छोटा निरोप असं काही नसतं. मग जोराचं काम असलं तर—"

"निरोप दाट येत असतील," मी म्हणालो. "आणि जास्त तारांवरून."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "कुठं शिकलात हे?"

"दिवसभर तेच करतो की! माझ्याकडं मोठा ठोका नसतो. बॅटरी फारच उतरली तर पलीकडचं यंत्र वाजतच नाही, आणि वाजलं तर पुरतं वाजतं. मयताची तार असो नाहीतर कांद्याची, ठोका तेवढाच."

डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी आतून चहा मागवला. मीही खूश होतो. कितीतरी दिवसांनी कुणाच्या तरी समोर बसून मी चार वाक्यं बोललो होतो. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि निकाल दिला.

"स्नायू ठणठणीत आहे. मज्जातंतूही ठणठणीत आहे. बिघाड वर आहे, हुकूम सुटतो तिथं. वर्षानुवर्षं एकाच वेगानं एकच हुकूम देऊन देऊन आता ते सुटे सुटे निघत नाहीत. याला माझ्या पेटीत औषध नाही. सहा महिने कळीला शिवू नका. कदाचित परत येईल हात."

सहा महिने! आणि वर कदाचित! मी मान डोलावली आणि मनातल्या मनात म्हणालो, म्हाताऱ्याला काय जातंय सांगायला.

आता माझी चूक सांगतो. ती दुसऱ्या कुणी केली नसती, तारमास्तरच करू जाणे. लाईन अशक्त झाली की आम्हाला एकच इलाज ठाऊक होता. काचेच्या बरण्यांमधे नवसागराचं ताजं पाणी भरायचं आणि बॅटरीला दोन बरण्या जास्तीच्या जोडायच्या. की लगेच ठोके खणखणीत! डॉक्टरांनी लाईनमधे दोष नाही असं स्वच्छ सांगितलं होतं. पण माझ्या डोक्यात उंबरठाच बसला. म्हटलं, जोर कमी पडतोय. आणि हाताला त्याची चाल आठवत नसेल तर आपणच त्या चालीनं त्याला ठोके देऊ, म्हणजे शिकेल पुन्हा.

एका रविवारी ऑफिस बंद असताना मी किल्ली घेऊन आत गेलो. झटका जोराचा बसावा म्हणून जुन्या यंत्राचं तारेचं वेटोळं काढलं, बरण्या जोडल्या, मिठाच्या पाण्यात दोन फडकी भिजवून हाताला बांधली. डाव्या हातानं कळ दाबायची आणि उजव्या हाताला झटका बसायचा. पाच-सहा झटके बोट नीट उडालं. मी हसलोसुद्धा, एकटाच. मग वेग वाढवला, माझ्या नेहमीच्या चालीपर्यंत आणला. मूठ गच्च झाली. म्हटलं, होऊ दे, थकेल आणि सुटेल, तोपर्यंत चालू ठेवू. दोन बरण्या वाढवल्या. अर्धा तास तरी मी स्वतःला छळलं असेल. शेवटी कोपरापासून असा पेटका आला की फडकी दातांनी ओढून काढावी लागली.

दुसऱ्या दिवसापासून कळीला बोट टेकताच मूठ वळायला लागली. पहिल्याच ठोक्याला. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते भयंकर चिडले. "अहो, ज्याला आधीच हुकूम दाट येतात त्याला तुम्ही आणखी दाट दिलेत! तुमची लाईन कमजोर नव्हती हो, मास्तर!" मग माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी दौत पुढं ओढली. त्यांनी दोन महिन्यांच्या रजेचा कागद लिहून दिला.

इंदापूरला मी काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं, हे आजही मला नीट सांगता येत नाही. हात गेलेला तारमास्तर म्हणजे गळा गेलेला गवई. त्याला ते कळू नये असं वाटलं. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत राहिलो आणि शेवटच्या दिवशी तर एक अक्षरही धड जाईना. मी बदलीच्या माणसाच्या हवाली टेबल केलं आणि खोलीवर निघून गेलो. किती मूर्ख असावं माणसानं!

त्या दोन महिन्यांत मी डाव्या हातानं तार द्यायला शिकलो. खोलीत बसून लाकडाच्या फळीवर ठोके देत राहायचो. शेजारची बाई एकदा दाराशी येऊन विचारून गेली, सुतारकाम काढलंय का म्हणून. रजा संपली, परीक्षा झाली, साहेबांनी डावा हात मान्य केला. नोकरी वाचली. तिची गोष्ट एवढीच.

पहिल्या दिवशी मी सकाळपासून दोन वाजायची वाट बघत होतो. दोन वाजले. मी डाव्या हातानं इंदापूरला हाक दिली.

"नवीन आलात जनू," उत्तर आलं. "नमस्कार."

"नवा न्हाय," मी कळवलं. "मीच हाय. तुमचा गाडीवान."

मग त्याचे ते नेटके ठोके. "पुरं करा की वो आता. तुमच्या आधीच्या बदलीवाल्यानंबी हीच थट्टा केली. मीच त्यो, मीच त्यो म्हनून चार दिस मला बनवलं. बारामतीचा हात मी झोपंत वळखतो."

मी संतापलो. तो बदलीवाला समोर असता तर कानफटात दिली असती. हात दुखावलाय, डावा वापरतोय, असं सांगायला लागलो, पण संतापानं डावा हात जास्तच लंगडायला लागला, अक्षरं चुकायला लागली.

"दमानं घ्या," इंदापूरनं धीर दिला. "बसंल हात हळूहळू. नव्या मान्साचं हुतंच असं."

माझ्याशी तो चांगलाच वागला. कामापुरतं बोलायचा, चुका सांभाळून घ्यायचा. पण दोन वाजले की यंत्र मुकं. मी त्याच्याकडं बघत बसायचो. एकदा त्यानं आपण होऊन विचारलं, "पहिले मास्तर कुठं गेले, काय कळलं का? न सांगता गेले." त्या दिवशी मी एका दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला.

एसटी अंथुर्ण्यावरून गेली. मी उतरलो नाही. पुढं शेळगाव आलं, गेलं. वाटेत मी काय काय बोलायचं ते ठरवत होतो. इंदापूरच्या पोस्टात खिडकीमागं एक टक्कल पडलेला, बुटका माणूस बसला होता. माझ्याकडं न बघताच म्हणाला, "तार करायची? फारम तितं हायत."

"मी बारामती," मी म्हणालो.

तो ताडकन उठला. "या, या! नवीन मास्तर ना? आत या की."

आत गेलो. कोणताही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. हात कसा आखडला, पेटी, बरण्या, रजा. त्याच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, धाकट्या पोरीला उन्हाळ्यात आलेला गोवर, त्याचं आणि मेव्हण्याचं विहिरीवरून झालेलं भांडण, तारेवर ऐकलेलं सगळं बोलून दाखवलं. तो हसतमुखानं ऐकत होता.

"त्ये त्यांनी सांगितलं असंल तुमास्नी जाताना," तो म्हणाला. "लई बोलके मानूस."

भिंतीलगत सरावाचं यंत्र होतं, लाईनला न जोडलेलं. मी विचारलं, "हितं बसू का?" आणि उत्तराची वाट न बघता बसलो. उजवा हात कळीवर ठेवला. तीन महिने मी त्या हातानं कळीला शिवलो नव्हतो. मनात म्हटलं, एकदाच, बाबा. माझ्या जुन्या चालीनं सुरुवात केली. दीड अक्षर गेलं आणि मूठ वळली. त्या खोलीत एक लांबलचक ठोका अडकून राहिला. इंदापूरनं भलेपणानं खिडकीबाहेर बघितलं.

मी डाव्या हातानं बोटं उलगडली. मग सावकाश एक ठोका दिला. बोट पुरतं सैल होऊ दिलं. दुसरा दिला. पुन्हा सैल होऊ दिलं. मूठ वळली नाही. एकेक ठोका असा सुटा सुटा देत मी लिहीत गेलो, "इंदापूर, मी आलो." एवढ्या अक्षरांना एरवी मला श्वासभरही वेळ लागला नसता. त्या दिवशी शर्ट पाठीला चिकटेपर्यंत लागला. इंदापूर डोळे मिटून, मान खाली घालून ऐकत होता. शेवटचं अक्षर संपल्यावरही त्यानं थोडा वेळ डोळे उघडले नाहीत.

मग उघडले. "अक्षरं समदी बरुबर हायत, मास्तर," तो म्हणाला.

नवशिक्याला द्यावी तशी शाबासकी होती ती. त्याला दोष देत नाही मी. इतक्या सावकाश दिलेले ठोके कुणाचेच नसतात. हात असतो तो चालीत, आणि ती चाल माझ्याजवळ उरली नव्हती. मी त्याच्या जागी असतो तर मीही मला ओळखलं नसतं.

त्यानं चहा पाजला, घरी जेवायला चला म्हणून आग्रह केला. मी नको म्हणालो. स्टँडपर्यंत तो बरोबर आला. गाडी लागली तशी त्यानं माझा उजवा हात हातात घेतला आणि जरा अडखळत म्हणाला, "एक काम करा मास्तर. त्यांची कधी गाठ पडली तर सांगा, इंदापूर इचारत व्हतं म्हनावं. न सांगता गेले, तरी राग न्हाय."

"सांगतो," मी म्हणालो, आणि गाडीत चढलो.